स्वस्तात मिळालेली घोडी

मी घोडी बोलतेय, आणि रागावून बोलतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की या जातीची जनावरं इतकी गोड असतात आणि ही एवढी तिरसट कशी निघाली!

गोड! आयुष्यभर हाच एक शब्द ऐकत आलेय. आमच्या जातीला फ्योर्ड म्हणतात. अंगाचा रंग फिकट पिवळा, मानेपासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, पाय आखूड, पोट गोल. त्यात माणसं आमची आयाळ कातरून कमानीसारखी उभी ठेवतात, दोन्ही बाजूंनी पांढरी आणि मधोमध काळी. उन्हाळ्यात पाहुण्यांच्या बोटी धक्क्याला लागल्या, की बाया "अय्या, खेळण्यातला घोडा!" असं ओरडत धावत येतात आणि नाकाला हात लावतात. मी साडेचारशे किलोंची आहे. खेळण्यातली म्हणे.

माझं नाव तीरा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीवरच्या एका उभ्या उतारावर अस्लाक नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात मी जन्मले. उतार असा, की बटाटा हातातून सुटला तर थेट पाण्यात. तिथलं गवत विरळ, दगडांच्या फटीतून डोकावणारं. एक घास मिळवायला चार पावलं चालावं लागायचं. आमची पोटं पिढ्यानपिढ्या अशाच गवतावर घडली आहेत.

अस्लाकनं मला तिसऱ्या वर्षी साज चढवला. मी नांगर ओढला, सुकं गवत वाहिलं, हिवाळ्यात जंगलातून ओंडके ओढत आणले. माणूस कमी बोलणारा. "हं" म्हटलं की चालायचं आणि "हंहं" म्हटलं की थांबायचं. त्याची माझ्याबद्दल तक्रार नव्हती आणि माझी त्याच्याबद्दल एकच आहे.

मी नऊ वर्षांची असताना अस्लाकच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात असताना त्याच्या पुतण्यानं मला खालच्या हिरव्यागार कुरणात सोडलं. दहा दिवसांत ते गोड गवत बाधलं आणि माझ्या पुढच्या खुरांत आग पेटली. अस्लाक कुबड्या टेकत परत आला, त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मला ओढ्याच्या गार पाण्यात नेऊन उभं केलं. पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. मी बरी झाले. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुतण्याला रागावलासुद्धा नाही. आमच्या खाडीवर कुणी कुणाला काही सांगत नाही. ते फार सभ्यपणाचं समजतात.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा अस्लाक ब्याऐंशीचा होता. त्यानं वृद्धाश्रमात जायचं ठरवलं आणि पुतण्यानं माझी जाहिरात टाकली. "शांत. मुलांना, मोठ्यांना, सगळ्यांना चालेल. थोड्यात भागवते." किंमत कमी लावली होती, कारण गोठा लवकर रिकामा करायचा होता. माझ्या चांगल्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही आणि वाईट दिवसांबद्दलही नाही.

मे महिन्यात तिघं जण आली. तोर्गेर, त्याची बायको ओद्नी आणि अकरा वर्षांची लेक तिरिल. ती माणसं वर्षापूर्वीच शहर सोडून आमच्या गावात राहायला आली होती. तोर्गेर खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर खलाशी. ओद्नी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. लेकीला घोडा हवा होता, ओद्नीला लहानपणापासूनच हवा होता आणि तोर्गेरला तो परवडायला हवा होता.

"तिघांत एक," तो माझ्याभोवती फिरत म्हणाला. "सकाळी तिरिल, दुपारी तू, सुट्टीच्या दिवशी मी. एकाच घोडीत सगळं घर बसलं."

"तू बसल्यावर घोडीसुद्धा बसेल," ओद्नी म्हणाली. तोर्गेर शंभर किलोंचा गडी आहे.

"अहो, गरीब आहे ना ही?" तिरिलनं अस्लाकला विचारलं. 

"आहे की," अस्लाक म्हणाला.

झालं, चौकशी संपली! माझे पाय कुणी उचलून बघितले नाहीत. ओद्नी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली होती, "गुरांच्या डॉक्टरला दाखवून घेऊ या का एकदा?" पण तोर्गेर लाजला. "या म्हाताऱ्याच्या अंगणात डॉक्टर उभा करायचा? म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखंच की. गावात राहायचंय आपल्याला." शिवाय डॉक्टरची फी वाचली. अस्लाकनं माझ्या मानेवर हात ठेवला, समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, "हिरव्यात फार सोडू नका." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किंमत आणखी खाली आली असती, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्याला नुसतं बोलायचाच कंटाळा होता. त्यानं तोर्गेरचा हात हातात घेऊन दाबला. आमच्याकडे हात मिळवला की सौदा पक्का.

माणसं वाईट नव्हती, हे मी रागातसुद्धा कबूल करते. तिरिल रोज खरारा करायची. ओद्नी गाजरं आणायची. पण काटकसरीचा सगळा भार माझ्याच अंगावर! खोगीर आणलं ते जुन्या बाजारातून, कुठल्यातरी लांबटांग्या, सडपातळ घोड्याचं. माझ्या पाठीवर ते घागरीवर पाट ठेवल्यासारखं डुगडुगायचं आणि खांदे सोलून काढायचं. पावसाळी झूल आणली ती आखूड. शेपटीकडचा भाग सदा ओला. आयाळ कातरायला माणूस बोलवायचा खर्च नको, म्हणून तोर्गेरनं स्वतः स्वयंपाकघरातली कात्री चालवली. महिनाभर मी उंदरांनी कुरतडलेल्या झाडूसारखी दिसत होते आणि तरी लोक म्हणत होते, किती गोड!

तोर्गेर पाठीवर बसायचा तेव्हा खोगिराचा पोटाखालचा पट्टा शेवटच्या भोकाला पोचायचा. तरी मी त्याला वाहिलं. चर्चपर्यंत नेलं आणि परत आणलं. तो खाली उतरून मला म्हणायचा, "थँक्यू हं, बाई." एवढं मात्र तो न चुकता म्हणायचा.

मग सप्टेंबर आला आणि शेजारचा हालवार कुंपणाशी उभा राहिला.

हालवारच्या पंचवीस दुभत्या गाई. त्याची जमीन खाडीकाठची, सपाट, भरपूर खत घातलेली. वर्षात दोनदा गवत कापून घेतल्यावर तिथे तिसऱ्यांदा जे कोवळं गवत येतं, ते तो गाईंना चारतो, आणि उरलेली एखादी पट्टी शेजाऱ्याला देतो. आमच्या गावात हा मोठा मान आहे. ज्याला पट्टी मिळाली तो गावचा झाला.

"खालची पट्टी मोकळी आहे," हालवार म्हणाला. "घोडी सोड की."

"नको रे, कशाला उगाच," तोर्गेर म्हणाला. पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं.

"वाया जाईल."

"नको, तुझ्या गाईंना..."

"गाईंना पुरून उरलंय. फुकट आहे, काय बिघडतंय?"

तोर्गेरचा चेहरा असा उजळला की मला शरम वाटली. फुकट ते पौष्टिक, ही म्हण कुणी काढली असेल त्यानं माझे खूर येऊन बघावेत.

घरी ओद्नी म्हणाली, "म्हातारा काहीतरी म्हणाला होता ना हिरव्याबद्दल?"

"फार नको म्हणाला होता. मुळीच नको असं नाही म्हणाला."

"फार म्हणजे किती?"

"आता ते त्याला जाऊन विचारू? आणि हालवारला काय सांगू? त्यानं दोनदा ट्रॅक्टर दिलाय, बर्फ काढून दिलाय. आता आपण होऊन कुरण देतोय तर नाही म्हणू? धर्माच्या गाईचे दात मोजायचे?"

दुसऱ्या सकाळी मी कुरणात होते. तुम्ही म्हणाल, मग खाल्लंस कशाला? खाल्लं! गुडघाभर गोड गवत समोर उभं असताना न खाणारी घोडी अजून जन्मली नाही. दिवसा ऊन, पहाटे दंव, आणि अशा हवेत त्या गवतात साखर नुसती साठून येते. चौथ्या दिवशी खुरांत ती जुनी आग परत आली. मी पुढचे पाय लांब ताणून सगळा भार मागे टाकून उभी राहिले. पाऊल टाकलं की खालून कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. तरी दोन पावलं टाकून खातच होते. तेवढा दोष माझा.

तोर्गेर त्या आठवड्यात बोटीवरच मुक्कामाला होता. ओद्नीला रजेवर गेलेल्या दोघी नर्सच्या वाट्याची घरंही बघायची होती. तिरिल शाळेतून आली की कुंपणापाशी यायची आणि म्हणायची, "किती आळशी झालीस गं तू!" आणि गळ्यात पडून निघून जायची. ती लहान होती, तिचं सोडा. पण हालवार! तो रोज चार वेळा ट्रॅक्टरवरून माझ्या शेजारून जायचा. जनावरांत जन्म काढलेला माणूस. तो वेग कमी करायचा, माझ्या पायांकडे बघायचा आणि पुढे जायचा. असं सहा दिवस.

दहाव्या दिवशी मी आडवी झाले. तिरिलनं आईला हाक मारत आणलं. ओद्नीनं माझ्या खुरांना हात लावला आणि पटकन मागे घेतला. तापलेलं अंग तिला रोज हाताळायला लागतं, तिला सांगावं लागलं नाही.

गुरांची डॉक्टरीण आली, खुरांचे एक्स-रे काढले. "खुराच्या आतलं हाड जागेवरून हललंय," ती म्हणाली. "हिवाळाभर मेहनत केलीत तर उभी राहील कदाचित. पाण्यात भिजवून साखर काढलेलं सुकं गवत, वजन करून. मऊ जमीन. दर सहा आठवड्यांनी नालबंद. नाहीतर मी तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देते, त्यात वाईट काही नाही. तुम्ही ठरवा." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "किती गोड आहे." मला उठता येत असतं तर मी चावले असते.

तोर्गेर त्या दुपारी बोटीवरून आला. तिघं माझ्याजवळ उभी होती तेवढ्यात हालवार आला, टोपी हातात घेऊन.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "सहा दिवस बघत होतो."

"सहा दिवस?" ओद्नी म्हणाली.

"येता-जाता दिसायची. निखाऱ्यांवरून चालल्यासारखी चालत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हालाही दिसत असेल. दुसऱ्याच्या जनावरात आपण नाक कशाला खुपसा."

"खुपस!" ओद्नी अशी ओरडली की पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. "नाक खुपस, तोंड खुपस, ट्रॅक्टर आणून माझ्या दारात आडवा लाव! सहा दिवस मूग गिळून बसलास? सहा दिवस आधी कळलं असतं तर ही चालती राहिली असती!"

"ओद्नी, अगं..." तोर्गेर म्हणाला.

"अगं नाही न् बिगं नाही! तुला एक नाही म्हणता आलं नाही, याला एक शब्द बोलता आला नाही!"

हालवार टोपी घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न विचारता, न बोलता तीन ट्रॉली वाळू आणून गोठ्यापुढे पसरली. वाळू मऊ होती, पायांना बरं वाटलं, हे कबूल करते. पण तीन ट्रॉलींच्या डिझेलपेक्षा एक वाक्य स्वस्त पडलं असतं.

त्यांनी इंजेक्शन दिलं नाही. हिवाळाभर ओद्नी कामावर जाण्याआधी बर्फाळ पाण्यात गवत भिजवायची. तिच्या बोटांना भेगा पडल्या. तोर्गेर बोटीवर जादा पाळ्या करायला लागला. त्याच हिवाळ्यात ओद्नीला वृद्धाश्रमात अस्लाक भेटला. तिनं गोठ्यात येऊन ते तोर्गेरला सांगितलं, तेव्हा भिजलेल्या गवताची पिशवी तिच्या हातातच राहिली होती.

"तिला आधी एकदा झालं होतं. चार वर्षांपूर्वी. मी त्याला म्हटलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणतो, तुम्ही विचारलं कुठे?"

ऐकलंत? अळीमिळी गुपचिळी! विकणारा बोलला नाही, घेणाऱ्यानं विचारलं नाही, शेजाऱ्यानं बघूनही सांगितलं नाही. सगळी सभ्य माणसं. आणि त्या सगळ्यांच्या सभ्यपणावर उभी कोण? मी, चार पायांवर. त्यातले दोन गेलेले.

एप्रिलमध्ये डॉक्टरीण परत आली. मी वाळूत नीट चालून दाखवलं. "जगेल," ती म्हणाली. "वाळूत, सुक्या गवतावर. पण पाठीवर ओझं नको. कधीच नको."

आता खरी परीक्षा होती, आणि ती माझ्या खुरांची नव्हती. कारण त्या घरात दोन घोड्यांना जागा नव्हती. तिरिलला बसायला घोडी हवी असेल, तर मला जावं लागणार होतं. आणि बसता न येणारी घोडी कोण घेतो? एकच ठिकाण असतं, तिथून कुणी परत येत नाही. नाहीतर दुसरा रस्ता, की घेणाऱ्याला सांगायचंच नाही.

जूनपर्यंत मी मऊ जमिनीवर इतकी छान चालायला लागले की कुणाला संशय येऊ नये. तोर्गेरनं जाहिरात लिहिली. गोठ्याच्या दाराशी उभा राहून त्यानं ती ओद्नीला वाचून दाखवली. "शांत. सगळ्यांना चालेल. थोड्यात भागवते." मी कान मागे टाकले. मला वाटलं ती आता ओरडेल. पण हिवाळ्यानं तिला पिळून काढलं होतं. ती म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि खाली बघत राहिली. त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका हालवारचाही आला नव्हता.

युरुन नावाची बाई आली, बरोबर पाच वर्षांची मुलगी. जुनी गाडी, ठिगळ लावलेला कोट. तिलाही घरातल्या सगळ्यांना पुरेल अशी एकच घोडी हवी होती. मी त्या पोरीकडे बघितलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. हिरवं कुरण, कुणीतरी फुकट दिलेलं. माझ्या पाठीवर ती, आणि माझे पुढचे पाय दुमडताहेत.

"गरीब आहे ना?" युरुननं विचारलं.

"आहे," तोर्गेर म्हणाला.

तिनं लेकीला माझ्या पाठीवर बसवलं. पोर हलकी होती, मी चार पावलं चालले. युरुन हसली. "बस, मला आणखी काही बघायचं नाही," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

तोर्गेरचा हात वर आला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मुलीला खाली घ्या," तो म्हणाला.

"काय झालं?"

"खाली घ्या आधी." मग तो एवढ्या मोठ्यानं बोलायला लागला, की जणू बोटीच्या डेकवरून ओरडतोय. "तिचे खूर गेलेत. आतलं हाड हललंय. पाठीवर कुणी बसायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलंय. हिरवं खाल्लं तर मरेल. आधीही झालं होतं, मग आमच्याकडे झालं. मी केलं. मला कळत होतं थोडंसं, आणि तरी केलं."

"जाहिरातीत यातलं काहीच नाही!"

"नाही. मी लिहिलं नाही."

"तीन तास गाडी चालवून आलेय मी! पोरीला रात्रभर झोप नव्हती!" तिनं मुलीला उचललं. मुलगी रडत होती. "माणसं आहात का कोण आहात तुम्ही?"

"खरंय तुमचं," तोर्गेर म्हणाला.

गाडी गेली. ओद्नी कुंपणाला धरून उभी होती. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तेवढ्यापुरतं मी तिला माफ केलं. इतका वेळ घराच्या पायरीवर बसलेली तिरिल मात्र उठली.

"मग आता मला घोडी नाही?"

"नाही," तोर्गेर म्हणाला. "ही आहे. दुसरी येणार नाही."

"मला बसायला हवी होती! वर्षभर थांबले मी!"

"माहीत आहे. रागाव. रागवायलाच पाहिजे तू."

ती रागावली. पुढचे नऊ दिवस ती गोठ्याकडे फिरकली नाही. मला तिचा राग पटला, माझ्यापेक्षा कमी नव्हता तो. दहाव्या दिवशी आली, दोर घातला आणि मला धक्क्यापर्यंत चालवत घेऊन गेली. ती पुढे, मी मागे, पाठ रिकामी. वळणावरचं हिरवं गवत आलं तेव्हा तिनं दोर आखडला आणि म्हणाली, "नाही. हे तुझ्यासाठी नाही. मेलीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

आता मी सोळा वर्षांची आहे. वाळूत उभी असते, हिरवं खाऊ नये म्हणून तोंडाला जाळी, मोजून दिलेलं सुकं गवत, पाठीवर कधीच कुणी नाही. तिरिल चौदा वर्षांची झाली. शनिवारी ती दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद काढते आणि त्या बदल्यात त्यांच्यावर बसते. परत आली की तिच्या अंगाला दुसऱ्या घोड्यांचा वास येतो. मला तो आवडत नाही, पण सहन करते. हालवार हल्ली कुंपणाशी थांबतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "डावा पाय टाकताना जरा अडखळतेय बघ," आणि सांगून झाल्यावर असा घामाघूम झाला, की जणू अख्खा डोंगर चढून आला.

तुमच्यातलं कुणी कमी पैशांत घरासाठी घोडी घ्यायला निघालं असेल, तर जरूर निघा. आम्ही खरंच गरीब असतो, खरंच थोड्यात भागवतो. पण आमचे खूर उचलून बघा. समोरच्याला राग येईल असा प्रश्न विचारा. आणि कधी आम्हाला विकायची वेळ आली, तर न विचारताच सगळं सांगा. मला दुखत होतं तेव्हा मी फक्त पाय लांब करून उभी राहू शकत होते. तुम्हाला तर बोलता येतं. तुमच्या तोंडात लगामसुद्धा नाही.